गाठ श्वासागणिक हलते, ती हालचाल आधी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरवर रेडिएशन देणारे नवे यंत्र आले की बातमीत त्याची किंमत येते, उद्घाटनाचा फोटो येतो. त्या यंत्राला गाठ नेमकी कुठे आहे हे सांगण्याचे काम मात्र शेजारच्या सीटी स्कॅनच्या खोलीत होते आणि त्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. फुप्फुस, लिव्हर, स्वादुपिंड इथल्या गाठी श्वासाबरोबर हलतात. किती हलतात हे मोजले नाही, तर कितीही महागडे यंत्र आणा, किरण गाठीच्या शेजारी पडू शकतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ही सोय वाढावी आणि ती नीट वापरली जावी, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, पण आकड्यांशिवाय हा विषय सांगता येत नाही.

शांत पडून राहिलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एक श्वास साधारण ३ ते ५ सेकंदांचा. तेवढ्या वेळात श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर खाली जाऊन वर येते. त्याला टेकलेले लिव्हर आणि फुप्फुसाचा खालचा भाग त्याच्यासोबत जातात. फुप्फुसाच्या शेंड्याजवळची गाठ काही मिलिमीटर हलते, तळाजवळची दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. मुख्य हालचाल डोके ते पाय या दिशेने असते, पुढे-मागे त्याहून कमी, डावी-उजवीकडे सगळ्यात कमी. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २००६च्या अहवालात ५ मिलिमीटर ही रेषा आखून दिली: हालचाल त्याहून जास्त असेल आणि रुग्णाला झेपत असेल, तर तिचा बंदोबस्त करूनच उपचार करावेत. आमच्या मते आकडा पाच की सहा हा वादाचा मुद्दाच नाही. मोजलेच नाही, तर रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे कळणार कसे?

साधा सीटी स्कॅन इथे का फसवतो ते पाहा. १६ स्लाइसच्या, म्हणजे एका फेरीत १६ काप घेणाऱ्या यंत्रात २४ मिलिमीटरचा पट्टा एका वेळी टिपला जातो आणि एक्स-रेची नळी अर्ध्या सेकंदात एक फेरी मारते, असे धरू. नेहमीच्या वेगाने टेबल सेकंदाला ४८ मिलिमीटर सरकते. पंचवीस सेंटिमीटरची छाती पाच-सव्वापाच सेकंदांत संपते आणि ३ सेंटिमीटरची गाठ पाऊण सेकंदाच्या आतच मागे पडते. ती गाठ चार सेकंदांच्या श्वासात दोन सेंटिमीटर हलत असेल आणि स्कॅनच्याच दिशेने निघालेली असताना टिपली गेली, तर सव्वाचार सेंटिमीटर लांब दिसते. उलट दिशेने येत असेल तर सव्वादोन. चित्र मात्र दोन्ही वेळा स्वच्छ, कडा रेखीव. चित्र पुसट असते तर पाहणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

मग काही ठिकाणी सोपा मार्ग धरतात: गाठीभोवती सगळीकडून सरसकट दीड सेंटिमीटर जागा सोडायची. याचा हिशोब करून पाहावा. ३ सेंटिमीटरची गोल गाठ म्हणजे १४ घनसेंटिमीटर. तिच्याभोवती दीड सेंटिमीटर सोडले की किरणांखाली ११३ घनसेंटिमीटर येतात. आता हीच गाठ वर-खाली दीड सेंटिमीटर हलते असे मोजून घेतले, त्या हालचालीचा लांबट आकार काढला आणि रोजच्या मांडणीतल्या, म्हणजे रुग्णाला टेबलावर झोपवण्यातल्या फरकासाठी ५ मिलिमीटर जोडले, तर होतात ५२. निम्म्याहून कमी. उरलेले ६० घनसेंटिमीटर निरोगी फुप्फुस वाचते, आणि ज्याचे फुप्फुस आधीच चुलीच्या किंवा विडीच्या धुराने खराब झाले आहे त्याला त्याची फार गरज असते. शिवाय सरसकट जागा सोडूनही गाठ सुटू शकते. साधा स्कॅन नेमका श्वास सोडलेल्या क्षणी झाला असेल तर गाठ तिथून पूर्ण दीड सेंटिमीटर खाली जाणार. वर मांडणीचे ५ मिलिमीटर धरले तर लागतात दोन सेंटिमीटर आणि सोडलेले असतात दीड. म्हणजे निरोगी भागही भाजला आणि गाठीचा खालचा काठही सुटला.

ही चूक रोज नव्याने होत नाही, एकदाच होते आणि उपचाराचे तीसही दिवस तशीच राहते. नेदरलँड्सच्या मार्सेल व्हॅन हर्क यांनी २००० साली दिलेले सूत्र आमच्या कामात सर्रास वापरले जाते. सोडायची जागा म्हणजे कायमच्या चुकीची अडीच पट अधिक रोज बदलणाऱ्या चुकीची ०.७ पट. उपचार आखण्यासाठी आधी घेतलेल्या स्कॅनमध्ये गाठ चुकीच्या जागी दिसणे ही पहिल्या जातीची चूक, अडीच पटीने महाग पडणारी. टेबलावर रुग्ण रोज दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झोपतो ती दुसऱ्या जातीची. प्रत्यक्षात मात्र जास्त धावपळ दुसरीसाठीच होताना दिसते.

याला उपाय आहे फोर-डी सीटी. त्यात टेबल फार हळू सरकते आणि छातीचा प्रत्येक भाग निदान एका पूर्ण श्वासाइतका वेळ स्कॅनमध्ये राहतो. त्याच वेळी पोटावर बांधलेला दाब मोजणारा पट्टा, किंवा पोटावर ठेवलेला चमकणारा ठोकळा आणि त्याच्यावर रोखलेला इन्फ्रारेड कॅमेरा, श्वासाचा आलेख काढत असतो. नंतर संगणक त्या आलेखाच्या आधारे, श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे, चित्रांचे साधारण दहा गट पाडतो. शून्य टक्के म्हणजे पूर्ण घेतलेला श्वास, पन्नासच्या आसपास पूर्ण सोडलेला. अडीच मिलिमीटरच्या स्लाइस घेतल्या तर पंचवीस सेंटिमीटरच्या शंभर, आणि दहा गटांच्या मिळून हजार.

टेबल किती हळू सरकवायचे ते रुग्णाच्या श्वासावर ठरते. नळीच्या एका फेरीचा वेळ भागिले (श्वासाचा वेळ अधिक फेरीचा वेळ), पिच (नळीच्या एका फेरीत टेबल टिपल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या किती पट सरकते तो आकडा) याहून जास्त नको. अर्धा सेकंद आणि चार सेकंद असतील तर ०.११, म्हणून ०.१ ठेवतात. पंचवीस सेंटिमीटरला मग पावणेएक ते एक मिनिट लागते. पण त्याच रुग्णाने मध्येच सात-आठ सेकंदांचा लांब श्वास घेतला, तर त्या जागेचे काही गट रिकामे राहतात. यंत्र ती फट शेजारच्या चित्रांनी भरते. श्वासपटलाला पायऱ्या पडलेल्या दिसणे, गाठ दुभंगलेली किंवा दोनदा दिसणे, तिचा मधला काप गायब होणे, ही त्याची लक्षणे. ती दिसली की टेबलावरून रुग्ण उतरण्याआधी तेवढ्याच भागाचा स्कॅन पुन्हा घ्यावा. फोर-डी स्कॅनमध्ये रुग्णाला मिळणारे किरणही साध्या स्कॅनच्या काही पट असतात, म्हणून हवा तेवढाच भाग घ्यावा. अख्ख्या छाती-पोटाचा सरसकट घेऊ नये.

आता आपल्याकडच्या गोष्टी, ज्या यंत्राच्या पुस्तिकेत नसतात. धडगाव-अक्कलकुव्याहून पहाटेची एसटी धरून आलेला, दमा किंवा जुना खोकला असलेला माणूस मे महिन्याच्या उन्हातून थेट एसीच्या खोलीत आणून झोपवला, तर पहिली दहा मिनिटे त्याचा श्वास त्याचा नसतो. बसू द्यावे, पाणी द्यावे, इनहेलर असेल तर घ्यायला सांगावे, मग पंधरा-वीस मिनिटे आलेख नुसता पाहावा. पट्टा नऊवारीच्या निऱ्यांवर किंवा धोतराच्या गाठीवर बांधला तर सरकतो. तो बेंबी आणि छातीच्या मधल्या हाडाचे टोक यांच्या दरम्यान, त्वचेवर किंवा एका पातळ कापडावर हवा. घामाने ठोकळ्याची चिकटपट्टी सुटते, म्हणून आधी जागा पुसून कोरडी करावी आणि ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांची खूण पेनने काढून ठेवावी. ठोकळा दोन सेंटिमीटर खाली-वर झाला तर आलेखाची उंची बदलते आणि पहिल्या दिवशीच्या आलेखाशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

सूचना कुठल्या भाषेत देतो यावरही बरेच अवलंबून आहे. यंत्रासोबत येणारा आवाज बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘माय, श्वास ले, धरी ठेव, आते सोड’ असे तिच्याच बोलीत, तिच्याच लयीत सांगितले की आलेख सरळ होण्याची शक्यता कितीतरी वाढते. भिली आणि पावरीतही अशा ध्वनिफिती त्या-त्या बोलीच्या माणसाच्या आवाजात करून ठेवाव्यात, त्याला मोबाइल पुरतो. एक पथ्य मात्र पाळायचे: स्कॅनच्या वेळी सूचना दिल्या असतील तर उपचाराच्या प्रत्येक दिवशी त्याच सूचना, त्याच वेगाने द्यायच्या. सूचना ऐकून घेतलेला श्वास बहुधा जास्त खोल असतो. एका दिवशी सूचना आणि दुसऱ्या दिवशी शांतता म्हणजे दोन वेगळे रुग्ण.

स्कॅन झाल्यावर संगणकाने श्वासाच्या शिखरांवर लावलेल्या खुणा डोळ्यांनी तपासाव्यात. खोकल्याच्या उसळीलाही तो शिखर समजतो. खुणा हाताने दुरुस्त करून चित्रे पुन्हा बांधायला दहा मिनिटे लागतात. एवढ्या कमी वेळात इतका फायदा देणारे दुसरे काम या साखळीत आम्हाला तरी दिसत नाही.

पुढे दहा गटांचे एक चित्र करतात. प्रत्येक बिंदूला दहांपैकी सर्वात उजळ किंमत दिली की फुप्फुसातल्या गाठीचा हालचालीचा पूर्ण माग एका चित्रात येतो. घाईच्या विभागात मग त्याच एका चित्रावर गाठ आखली जाते. फुप्फुसाच्या मध्यभागी ते ठीक. पण गाठ श्वासपटलाजवळ असेल तर लिव्हरचा उजळपणा तिला गिळतो आणि मागाचा खालचा भाग दिसतच नाही. अशा वेळी दहाही गटांत गाठ वेगवेगळी आखून मग जोडावी. लिव्हरच्या गाठी कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून देण्याचे औषध) दिल्यावर बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा काळ्या दिसतात, तेव्हा उलट सर्वात गडद किमतीचे चित्र लागते. डोसचा हिशोब मात्र या दोन्हींवर नाही, दहांच्या सरासरी चित्रावर करायचा.

दहा वेळा आखायला वेळ लागतो, म्हणून आता संगणकच एका गटातली गाठ दुसऱ्या गटात नेऊन बसवतो. श्वास सोडलेल्या चित्रातला प्रत्येक बिंदू श्वास घेतलेल्या चित्रात कुठे गेला याचा तो अंदाज करतो आणि प्रत्येक बिंदूला एक बाण देतो. अडीच लिटरच्या फुप्फुसात एक बाय एक बाय अडीच मिलिमीटरचे दहा लाख बिंदू होतात, म्हणजे दहा लाख बाण. पडद्यावर हे रंगीत चित्र इतके सुंदर दिसते की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. ती घ्यायलाच हवी. शेजारचे बाण एकमेकांपासून फार वेगळे नसावेत अशी अट त्या गणितात घातलेली असते, नाहीतर उत्तरच मिळत नाही. पण फुप्फुस बरगड्यांच्या आतून घसरत वर-खाली होते. तिथे फुप्फुसाचा बाण खाली आणि बरगडीचा जवळपास शून्य, दोघांत अंतर मिलिमीटरभर. गणित ही घसरण मान्य करत नाही, ते बरगडीलाही थोडे खाली ओढते आणि फुप्फुसाला थोडे अडवते. काठाजवळच्या गाठीची हालचाल त्यामुळे कमी दिसते. दुसरे, हवा भरली की फुप्फुसाचा तोच तुकडा गडद होतो. उजळपणा कायम राहतो असे गृहीत धरणारी पद्धत त्याचा माग चुकवते. आणि कॉन्ट्रास्ट नसलेले लिव्हर तर आतून एकसारखे करडे. त्यात ओळखीची खूणच नसते, म्हणून काठावरून आत आलेले बाण हा केवळ गणिताने भरलेला मजकूर असतो. तिथे गाठीजवळ चित्रात उठून दिसणारे सोन्याचे बारीक दाणे बसवूनच हालचाल मोजावी.

तपासायचे कसे? रक्तवाहिनीला फाटा फुटतो अशा दहा-वीस जागा दोन्ही चित्रांत हाताने टिपाव्यात, त्यातल्या निम्म्या गाठीजवळ. संगणकाचे उत्तर आणि आपली खूण यांत सरासरी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ते बाण वापरू नयेत. गाठीशेजारच्या खुणा सरासरीत बुडू देऊ नयेत, त्या वेगळ्या वाचाव्यात. दुसरी परीक्षा फार सोपी आहे आणि तरीही कमी ठिकाणी होते: बाणांवरून फुप्फुस एकूण किती फुगले ते काढावे आणि दोन चित्रांतल्या फुप्फुसाच्या आकारमानांच्या वजाबाकीशी ताडावे. शांत श्वासात हा आकडा साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. दोन उत्तरांत मोठी तफावत असेल, किंवा बाणांच्या गणितात एखाद्या तुकड्याचे आकारमान उणे आले असेल, तर तिथे ऊतींची घडी पडली आहे. शरीरात तशी घडी पडत नाही.

या सगळ्याआधी यंत्राचीच परीक्षा हवी. तीन सेंटिमीटरचा प्लास्टिकचा गोळा थर्माकोलमध्ये बसवून मोटरवर २० मिलिमीटर मागे-पुढे, चार सेकंदांच्या लयीत हलवावा आणि फोर-डी स्कॅन घ्यावा. सर्वात उजळ किमतींच्या चित्रात त्याची लांबी ५० मिलिमीटर आली पाहिजे, एका स्लाइसच्या फरकाने. मधल्या गटांत तो लांबट दिसेल, कारण तिथे वेग सेकंदाला १५-१६ मिलिमीटर असतो आणि पाव सेकंदात चित्र टिपले तरी चार मिलिमीटर पुसट होते. दोन टोकांना तो गोल दिसला पाहिजे. टोकालाही लांबट दिसत असेल तर आलेख आणि चित्र यांच्या घड्याळात अंतर आहे. ही तपासणी बसवण्याच्या दिवशी एकदा करून भागत नाही. सॉफ्टवेअर बदलले, पट्टा बदलला की पुन्हा करावी.

उपचाराच्या टेबलावर एक गोष्ट विसरली जाते. किरण देण्याआधी जागा तपासायला उपचाराच्या यंत्रावरच घेतलेला कोन-बीम स्कॅन मिनिटभर चालतो, त्यात बारा-पंधरा श्वास होतात, म्हणून त्यात दिसणारी गाठ पुसट आणि सरासरीची असते. ती सरासरी चित्राशी आणि मागाच्या आकाराशी जुळवायची, श्वास घेतलेल्या एका गटाशी नाही. शिवाय फोर-डी स्कॅन म्हणजे एका दिवसाचे एक मिनिट. महिनाभराच्या उपचारात फुप्फुसात पाणी भरते किंवा उतरते, बंद पडलेला भाग उघडतो, वजन घटते. गाठ मागाबाहेर दिसू लागली तर नवा स्कॅन, नवे प्लॅन. तीन-पाच दिवसांत मोठे डोस देण्याच्या पद्धतीत तर तीस दिवसांची सरासरी पाठीशी नसते, तिथे हे सगळे अधिकच काटेकोर हवे.

डाव्या स्तनाच्या रेडिएशनमध्ये उलट करतात: खोल श्वास वीसेक सेकंद रोखला की हृदय छातीच्या पुढच्या भिंतीपासून दूर जाते. दोन दिवस घरी सराव केलेल्या बहुतेक बायकांना हे जमते. ज्यांच्याकडे फोर-डी नाही त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. साधा, श्वास घेऊन रोखलेला आणि सोडून रोखलेला असे तीन स्कॅन घ्यावेत. रोखलेला श्वास शांत श्वासापेक्षा मोठा असतो, म्हणून माग जरा जास्त येईल, पण सुटणार नाही. पोट दाबून धरणारा घट्ट पट्टा बांधूनही हालचाल कमी होते, मात्र नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेल्याला किंवा धाप लागणाऱ्याला तो बांधू नये. स्कॅन दुसऱ्या गावी करायचा तर टेबल सपाट हवे. तपासणीच्या सीटीचे टेबल खोलगट असते, त्यावर पाठ वेगळी बसते आणि पुढची सगळी मोजमापे वाया जातात.

आमची मागणी रुग्णालयांच्या संचालकांकडे आणि खरेदी समित्यांकडे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने रेडिएशन विभागात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ असावाच लागतो. त्याला निविदा लिहिण्याच्या वेळीच बोलवा, यंत्र उतरल्यावर नाही. यंत्राच्या निविदेतच फोर-डीची सोय असलेला सपाट टेबलाचा सीटी, श्वासाचा आलेख घेणारी यंत्रणा, यंत्राच्या परीक्षेसाठी मोटरवर हलणारा नमुना आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण या चार गोष्टी लिहा. नंतर वेगळ्याने मागवल्या की त्या वर्षानुवर्षे येत नाहीत. प्रत्येक हलत्या गाठीच्या फाइलमध्ये एक ओळ सक्तीची करा: गाठ किती मिलिमीटर हलते, कोणत्या दिशेने, कुणी मोजली, कधी. आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी फुप्फुसाच्या किंवा लिव्हरच्या रेडिएशनआधी डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारावे, ‘श्वासाने गाठ किती हलते ते मोजले का?’ ज्या विभागात हे काम होते, तिथे या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते.

कळावे, लोभ असावा.

रेडिएशन विभागात काम करणारे काही वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व तंत्रज्ञ,
जळगाव आणि धुळे